शिंपल्याच्या आतला रंग

अधिक महिना लागला की कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या थोंगयोंगमध्ये मरणाच्या तयारीला ऊत येतो. या एका महिन्यात देव, पितर, भुतंखेतं सगळी रजेवर असतात, कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे एरवी ज्या गोष्टींचं नाव निघालं की माणसं मासळीच्या भावाकडे वळतात, त्या सगळ्या या महिन्यात बिनधास्त उरकल्या जातात. कफन शिवून घ्यायचं, आजोबांचं थडगं उन्हाच्या बाजूला हलवायचं, आणि फोटो काढून घ्यायचा. फोटो म्हणजे तो फोटो. ज्येष्ठ मंडळाच्या फळ्यावर त्याला ‘दीर्घायुष्याचा फोटो’ असं लिहितात. दीर्घायुष्य संपलं की तीन दिवसांच्या अंत्यविधीत तो पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध ठेवतात.

पिलसुनचं नाव त्या फळ्यावर पहिलं होतं. तिला चौऱ्याहत्तरावं चालू होतं आणि प्रकृती ठणठणीत होती. पण तिचा नवरा दोंगशिक अकरा वर्षांपूर्वी फोटो न काढताच गेला होता, आणि त्याचं काय झालं ते तिनं तीन दिवस डोळ्यांनी पाहिलं होतं.

झालं असं होतं, की त्याचा धड असा एकच फोटो सापडला. मच्छीमार सोसायटीच्या सहलीतला. त्यात त्याच्या उजव्या हाताला त्याचा दोस्त यांग उभा होता आणि यांगच्या हातात त्यानं नुकताच पकडलेला हातभर लांबीचा लाल मासा होता. दोंगशिक त्या माशाकडे बघत होता. स्टुडिओवाल्यानं यांग कापला, मासाही कापला, पण बघणं काही त्याला कापता आलं नाही. तीन दिवस दोंगशिक शेवंतीच्या ढिगात बसून उजवीकडे असूयेनं बघत राहिला. त्या बाजूला जेवायला बसलेल्या पाहुण्यांना तो आपल्या वाडग्यात डोकावतोय असं वाटायचं. त्यांनी तिखट रस्सा दुसऱ्यांदा मागितला नाही. आणि यांग जेव्हा आला आणि रिवाजाप्रमाणे दोनदा वाकला, तेव्हा दुसऱ्यांदा उठताना त्याला चौकटीच्या कडेला स्वतःचा खांदा दिसला. तो न जेवता घरी गेला आणि चार दिवस अंथरुणात होता.

तेव्हाच पिलसुननं ठरवून टाकलं होतं. माझा फोटो माझ्या हयातीत निघेल, त्यात फक्त मी असेन, आणि त्यात माझ्या पापण्यांवर माझा रंग असेल.

कुठला रंग, तेही ठरलेलं होतं. एकेचाळीस हिवाळे तिनं कालवं फोडली होती. पहाटेपासून दुपारपर्यंत शेडमध्ये उभं राहायचं, डाव्या हातात कालव, उजव्या हातात सुरी. सुरी फटीत सरकते, मनगट जरासं वळतं, आणि शिंपला उघडतो. त्या क्षणी आतला रंग दिसतो. आधी तांदळाच्या धुवणासारखा पांढरा. मग कालव जिथे चिकटलेलं असतं तिथे एक जांभळट करडा डाग, पहाट व्हायच्या जरा आधीच्या समुद्रासारखा. आणि हात हलला की त्या सगळ्यावरून गुलाबी-हिरवी झाक सरकत जाते. हे सगळं किती वेळ, तर एका श्वासाएवढं. पुढच्या श्वासाला कालव बादलीत, शिंपला ढिगात, आणि हातात दुसरं. दिवसाला काही हजार वेळा पहाट व्हायची. इतर बायका काय बघायच्या कुणास ठाऊक. पिलसुन पहाट बघायची, आणि म्हणून ती शेडमधली सगळ्यांत हळू हात चालणारी बाई होती.

शेडमध्ये कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. जिचं माहेर जिथलं, तिथली ती. पिलसुन हादोंगची, म्हणून हादोंगवाली. तिच्या शेजारी तीस वर्षं उभी राहिलेली ती नामहेवाली. नामहेवालीचा हात शेडमध्ये सगळ्यांत जलद चालायचा आणि तोंड त्याहूनही.

“डोळ्यांना रंग?” नामहेवाली म्हणाली. “अगं, जन्मात कधी पावडर लावली नाहीस. नवऱ्याच्या जिवंतपणी लावली असतीस तर तो माशाकडे तरी कशाला बघत बसला असता?”

“चल मुकाट्यानं.”

“येतेय ना. बाहेर ऊन आहे आणि त्या दुकानात गारवा आहे, म्हणून येतेय.”

दुकान बाजारपेठेच्या तोंडाशी होतं. स्वस्त प्रसाधनांचं, शाळकरी मुलींच्या गर्दीचं. एका भिंतीवर आयशॅडोच्या नव्वद चकत्या मांडलेल्या, प्रत्येक बोटाच्या पेराएवढी, प्रत्येक दोन हजार वॉनची, म्हणजे नाक्यावरच्या कॉफीपेक्षा स्वस्त. चार चकत्या घेतल्या की चार घरांची एक रिकामी डबी फुकट. चकती घरात टेकवली की तळाचं लोहचुंबक तिला टक्कन ओढून घ्यायचं. तो आवाज ऐकायलाच निम्म्या पोरी येत.

दुकानाचे मालक बेक, वय बावन्न. आधी ते बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. बायकोला बेटावर शिक्षिकेची नोकरी लागली आणि तिचं दुकान यांच्या गळ्यात पडलं. यांनी तेही इंजिनासारखंच मनावर घेतलं. थोंगयोंगमधल्या निम्म्या बायकांचे हात खाऱ्या पाण्यानं फुगलेले, त्यांच्यावर पावडर टिकत नाही, हे पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या लक्षात आलं. तेव्हापासून नमुन्याचे रंग ते स्वतःच्या हातावर लावून दाखवायचे. दुपारपर्यंत त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी चमकत असत. त्याच हातांनी ते संध्याकाळी मित्रांबरोबर सोजू प्यायला जात, आणि कुणी हसायचं नाही, कारण सगळ्यांच्या बोटींची इंजिनं अजून तेच दुरुस्त करून देत.

“बसा, आई,” बेक म्हणाले. त्यांनी पिलसुनचा चेहरा खिडकीकडे वळवला, हनुवटीखाली आधी चंदेरी कागद धरला, मग सोनेरी, आणि इंजिन ऐकावं तशी मान तिरकी केली. “त्वचेच्या रंगानं तुम्ही ग्रीष्म-थंड आहात.”

“थंड आहे हे खरंय,” नामहेवाली म्हणाली. “तिचा नवरा सांगायचा.”

“म्हणजे यांना पिवळट रंग चालणार नाहीत. करडे, जांभळे, धुक्यातले चालतील.” बेकनी एक-एक चकती उचलायला सुरुवात केली आणि तिच्या पाठीवर छापलेलं नाव गंभीरपणे वाचलं. “ही ‘उत्तर न दिलेलं पत्र’. ही ‘रविवारी झोपलेली मांजर’. ही ‘कुणीतरी माझी आठवण काढतंय’.”

“शेवटची तर नकोच,” पिलसुन म्हणाली. “तो फोटो समोर असल्यावर आठवण काढणारच आहेत. वरून सांगायला कशाला पाहिजे?”

तिनं पदराशी बांधावी तशी कमरेच्या पिशवीत जपून आणलेली रुमालाची पुरचुंडी सोडली. आत शिंपला होता. “हा रंग पाहिजे.”

बेकनी शिंपला हातात घेतला, दारात नेला, उन्हात धरला, परत आणला. “हा तर पांढरा आहे, आई.”

“वाळलाय म्हणून. ओला केला की बोलतो.”

टेबलावर बेकचा जवाचा थंड चहा होता. त्यांनी त्यातले दोन थेंब शिंपल्यात टाकले. शिंपला बोलला. तिघंही जण डोकी टेकवून त्याच्यात बघत राहिले. मागे दोन शाळकरी मुली रांगेत उभ्या होत्या, त्याही टाचा उंच करून बघायला लागल्या.

“अवघड आहे,” बेक शेवटी म्हणाले. पण त्यांच्या आवाजात आनंद होता.

त्या कामाला तीन दिवस लागले. पिलसुन रोज दुपारी यायची, नामहेवाली रोज गारवा खायला यायची, आणि बेक डाव्या हातावर मनगटापासून वर पट्टे ओढत जायचे. पहिल्या दिवशी एका रंगात तो सापडेल असं तिघांनाही वाटत होतं. सापडला नाही. करडा लावला की शिसं दिसायचं, जांभळा लावला की मार लागल्यासारखं, चमक लावली की मासळीचं खवलं. पिलसुन घरी जाऊन झोपायची आणि स्वप्नात तिला शेड दिसायची, पण शेडमध्ये कालवांच्या जागी बेकचे चमकते हात ओळीनं टांगलेले असायचे आणि ती सुरी घेऊन त्यांच्यामधून हळूहळू चालत असायची. भीती वाटायची नाही. दूरवर पाणी हलल्याचा आवाज यायचा आणि हातांवरून झाक सरकत जायची.

दुसऱ्या दिवशी तिला उन्हाळ्यात कोरडे झालेले स्वतःचे हात आठवले. हंगाम संपून दोन महिने झाले होते, फुगवटा उतरला होता. ती म्हणाली, “माझ्याच हातावर लावा.” आणि बेकनी आधी पांढरा लावला, तो वाळल्यावर मधोमध बोटानं करडा-जांभळा टेकवला, आणि सगळ्यांत वर, जवळजवळ न लावल्यासारखी, ती गुलाबी-हिरवी चमक. पिलसुननं हात वळवला. झाक एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली आणि थांबली.

बेकनी तो हात धरून उन्हात वळवून पाहिला. नामहेवालीनं दोनदा.

“एकात सापडत नव्हता,” बेक म्हणाले, “कारण एकाखाली एक तीन आहेत.” आणि इंजिन चालू झाल्यासारखे हात पुसत उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी तो रंग पापण्यांवर गेला. पिलसुननं डोळे मिटले, बेकनी करंगळीनं लावला, आणि तिनं डोळे उघडून आरशात पाहिलं. आरशात काहीच नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या पापण्या; उघडल्या की घडीत जाणाऱ्या.

“हे तर मला आधीच माहीत होतं,” नामहेवाली म्हणाली. “डोळे मिटलेस तर दिसतंय. पण फोटोत डोळे मिटून बसलीस तर हा जिवंतपणी काढलाय असं कोण म्हणेल?”

पिलसुन आरशासमोर बसून राहिली. मग तिनं डावा हात कालव धरावा तसा उचलला आणि त्या रिकाम्या मुठीकडे खाली पाहिलं. डोळे मिटले नव्हते. पण पापण्या उतरल्या होत्या, आणि दोन्ही पापण्यांवर पहाट झाली होती.

“अशी बसेन,” ती आरशाकडे न बघता म्हणाली.

“तशीच तर उभी असतेस तीस वर्षं,” नामहेवाली म्हणाली, आणि का कुणास ठाऊक, पुढे टोमणा मारायला विसरली.

तीन चकत्या डबीत बसल्या. टक्, टक्, टक्. चौथं घर रिकामं राहिलं, आणि चार घेतल्याशिवाय डबी फुकट देता येत नाही असा कंपनीचा नियम होता. बेक कंपनीचे नियम पाळायचे. पिलसुनला चौथा रंग नको होता. तेव्हा नामहेवालीनं भिंतीकडे न बघताच हात लांब केला आणि पिकल्या फळासारखी लालभडक केशरी चकती उचलली. न बघता हात बरोबर तिथेच गेला, यावरून तीन दिवस ती गारवाच खात होती असं नाही, हे बेकना कळलं.

“मी काही फोटो काढणार नाही,” ती म्हणाली. “मला मरायची घाई नाही. डबी वाया जायला नको, म्हणून आपली.”

टक्.

फोटोग्राफर पुढच्या आठवड्यात आला. मोठ्या शहरातला, चुणचुणीत, फुकट सेवा करणारा आणि त्याबद्दल सारखी माफी मागणारा. ज्येष्ठ मंडळाच्या खोलीत त्यानं निळा पडदा लावला आणि अकरा बायकांना एकामागून एक स्टुलावर बसवलं. बारावी नामहेवाली होती. ती नुसती रांग बघायला आली होती आणि रांगेत उभं राहिल्याशिवाय रांग नीट दिसत नाही.

“आई, इकडे बघा. कॅमेऱ्यात.”

“नाही,” पिलसुन खाली बघत म्हणाली.

“एकदा तरी.”

“तू काढ.”

त्यानं काढला. गालातल्या गालात हसू आवरून म्हणाला, “काळजी करू नका, बाकीचं मी बघतो.” हे वाक्य जगात जिथे जिथे बोललं गेलंय तिथे तिथे काळजी करायला हवी होती. पण पिलसुन तेव्हा मुठीतल्या कालवाकडे बघत होती.

फोटो आले ते अधिक महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजता. उद्यापासून देव कामावर परत. बारा चौकटी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, आणि बाराही बायका गुलाबी हानबोक, म्हणजे सणालग्नाचा पारंपरिक पोशाख, घालून बसल्या होत्या. एकच हानबोक, एकच गाठ, गाठीची एकच सुरकुती.

“सगळ्या एकाच लग्नाला निघाल्यात,” नामहेवाली म्हणाली.

“पोशाख माझ्याकडे तयार असतो, आई,” फोटोग्राफर आनंदानं म्हणाला. “चेहरा तेवढा तुमचा.”

पिलसुन तिच्या चौकटीपुढे उकिडवी बसली. चेहरा तिचाच होता. सुरकुत्या निम्म्या गेल्या होत्या, त्या गेल्या तर गेल्या. नजर खाली होती. पापण्या उतरलेल्या होत्या, आणि त्या कोऱ्या होत्या. साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत आणि कोऱ्या.

“डोळ्यांवरचं कुठे गेलं?”

“ते ना? निळसर सुजल्यासारखं दिसत होतं, आई. मला वाईट वाटलं, म्हणून मी सगळं स्वच्छ करून टाकलं. त्याचे वेगळे पैसे नाहीत.”

त्याच्यावर ओरडायला कुणाला जमलं नसतं, इतका तो प्रसन्न होता. पुढच्या गावी जायची त्याची गाडी पाच वाजताची होती. पिलसुननं त्याला वाटेसाठी तांदळाचे केक बांधून दिले, कारण नाहीतर लोक काय म्हणतील, आणि चौकट काखेत घेऊन घरी निघाली. नामहेवाली तिची चौकट डोक्यावर उन्हासाठी धरून मागून आली.

“पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी,” नामहेवाली म्हणाली.

“माझी थांबायला ना नाही,” पिलसुन म्हणाली. “पण मला कुणी विचारणार नाही ना.”

घरी खणाच्या कपाटावर दोंगशिक चौकटीत बसला होता आणि उजवीकडे बघत होता. पिलसुननं चौकट जमिनीवर ठेवली आणि तिच्याकडे पाहत राहिली. तिला शेवंतीचा ढीग दिसला, ओळीनं वाडगी दिसली, उल्सान शहराहून आलेला तिचा मुलगा दिसला, आणि मधोमध गुलाबी हानबोकातली कुणीतरी एक बाई, जिनं जन्मात एकही कालव फोडलं नव्हतं. सगळे त्या बाईपुढे दोनदा वाकत होते. पिलसुन दाराबाहेर उभी होती आणि तिला आत बोलावायचं कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

तिनं चौकट उलटी केली आणि मागचे चिमटे काढायला लागली.

“काय करतेस?”

“काच काढतेय.”

कागद चकचकीत नव्हता. बोटाला किंचित खरखरीत लागत होता, वाळलेल्या शिंपल्याच्या पाठीसारखा नव्हे, पण कोरड्या हातासारखा. पिलसुननं फोन उचलून दुकानात लावला. “बेकसाहेब, कागदावर बसेल का?”

पलीकडे बेकनी खुर्ची ओढून घेतली. मागे कुणीतरी मुलगी ‘रविवारी झोपलेली मांजर’ संपली का विचारत होती.

“कागद खरखरीत आहे?”

“थोडा.”

“मग बसेल. आधी पांढरा. घासायचा नाही, टेकवायचा. प्रत्येक थरानंतर फुंकर, पण सुपावरून कोंडा उडवतो तशी नको, गरम सूप निववतो तशी. शेवटी केसांचा फवारा, हातभर लांबून.” मग, “आई, घाई करू नका. उजेड सातपर्यंत आहे.”

पिलसुननं खिडकीत बैठक मारली. मांडीवर फोटो, शेजारी डबी. करंगळीवर पांढरा घेतला आणि फोटोतल्या स्वतःच्या डाव्या पापणीवर टेकवला, मग उजव्या. फुंकर. करडा-जांभळा, मधोमध, कालव चिकटलेलं असतं तिथे. फुंकर. तो हळू चालणारा हात होता, आणि हळू चालणाऱ्या हाताची अखेर कुणाला तरी गरज पडली होती. बाहेर झाडांवर किडे किर्र करत होते, खाडीत बोटी पाण्यावर जराजरा वर-खाली होत होत्या, आणि घर सगळं शिंपल्याच्या आतल्यासारखं शांत आणि पांढरं झालं होतं. वरून चमक. इतकी कमी, की लावली का नाही तेच कळू नये.

तिनं फोटो उन्हाकडे तिरका केला. झाक एका पापणीवरून निघाली, नाकावरून उडी मारून दुसऱ्या पापणीवर गेली.

“आहे,” नामहेवाली हळूच म्हणाली. “हे आहे.” मग स्वतःची चौकट पुढे ओढली. “तुझं झालं असेल तर ते चौथं घर इकडे सरकव. नाही, डोळ्यांना नको. गालांना. आणि तो हानबोकही जरा माझ्या रंगाचा करते. मी काही त्या अकरा जणींबरोबर लग्नाला जाणार नाही.”

दोघी अंधार पडेपर्यंत बसल्या. नामहेवालीचा हात नेहमीप्रमाणे जलद चालला. त्यामुळे तिच्या फोटोतली बाई पिकल्या फळासारखी लालबुंद झाली, जणू आत्ताच कुणाला तरी चांगलं सुनावून आली आहे. “हुबेहूब,” पिलसुन म्हणाली, आणि ते खरंच होतं.

नामहेवाली गेल्यावर पिलसुननं काच बसवली. जिवंत माणसाचा असा फोटो घरात उघडा ठेवायचा नसतो. कापडात गुंडाळून कफनाशेजारी ठेवायचा असतो. पण देव यायला अजून थोडा वेळ होता. तिनं चौकट कपाटावर ठेवली, दोंगशिकच्या उजव्या हाताला, जिथे तो अकरा वर्षं बघत होता तिथे. दोन पावलं मागे सरकली.

दोंगशिक तिच्याकडे बघत होता. डोळे बारीक करून, ओठ किंचित उघडे टाकून, एवढं सुंदर काहीतरी दुसऱ्या कुणाच्या हाती कसं लागलं, असं. आणि ती, नेहमीसारखी, त्याच्याकडे न बघता खाली मान घालून कालव उघडत होती.

करंगळीवर थोडी चमक उरली होती. पिलसुननं ती पुसली नाही. डोळे मिटले आणि लावून टाकली.